उंदराचा पंजा आणि आत्याची बोटं

"यंदा इतिहासावर काहीतरी लिही," असा संपादकांचा निरोप आला तेव्हा त्यांच्या मनात बहुधा पानिपत नाहीतर पेशवाई असावी. त्या विषयांवर माझ्यापेक्षा कितीतरी जाणकार मंडळी आपल्या मंडळात आहेत, आणि गणपतीच्या जेवणाच्या रांगेत त्यांच्या तावडीत सापडलो तर माझं काय होईल याची मला पूर्ण कल्पना आहे. म्हणून मी दुसराच इतिहास निवडला. तो फार जुना नाही, आणि त्यातला मोठा भाग आपल्या लंडनमध्येच, हॅमरस्मिथ स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर घडला.

२००४ साली मी एमएससी करायला इथे आलो तेव्हा आम्ही चौघेजण फुलहॅम पॅलेस रोडच्या मागच्या एका गल्लीत राहत होतो. घराजवळ चेरिंग क्रॉस हॉस्पिटल होतं. (ते चेरिंग क्रॉसला नाही, हे कळण्यासाठी प्रत्येक नवख्या माणसाला एकदा तरी चुकीच्या स्टेशनवर उतरावं लागतं.) त्याच्या शेजारच्या अ‍ॅस्पनली रोडवर केनेडी इन्स्टिट्यूट ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी अशी पाटी होती. वर्षभर मी त्या पाटीवरून दुधाच्या पिशव्या घेऊन येत-जात होतो. आत काय चालतं याची चौकशी करावी असं कधी वाटलं नाही. पुढे २०११ मध्ये ती संस्था ऑक्सफर्ड विद्यापीठाकडे गेली. मला तिचं महत्त्व कळलं ते त्यानंतर चार वर्षांनी, आणि तेही सांगलीहून आलेल्या एका फोनमुळे. फोन आत्याचा होता.

आत्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. १९८६ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, एका सकाळी तिची बोटं उघडेनात. आधी वाटलं, धुणं पिळून झालं असेल. मग मनगटं सुजली, मग गुडघे. घरातल्या प्रत्येकाने आपापला उपाय सांगितला. निर्गुडीचा पाला झाला, सुंठ-एरंडेल झालं, दही बंद, आंबट बंद. शेवटी मिरजेच्या एका डॉक्टरांनी निदान केलं: ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपण ज्याला आमवात म्हणतो तो. सकाळी उठल्यावर तासभर कोमट पाण्याच्या घंगाळात हात बुडवून बसायचं आणि मग शाळेत जाऊन खडू धरायचा, असा तिचा दिवस सुरू व्हायचा. आमच्याकडे गणपतीचे उकडीचे मोदक दरवर्षी तिच्या हातचे असत. १९८९ च्या चतुर्थीला तिने पारी हातात घेतली, दोन कळ्या पाडल्या आणि पारी परत ताटात ठेवली. कोणी काही बोललं नाही. उरलेले मोदक आईने केले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो.

त्याच १९८९ साली हॅमरस्मिथमधल्या त्या पाटीमागच्या लोकांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात चार पानांचा एक निबंध छापला होता. तिथवर जाण्याआधी थोडं मागे जायला हवं.

म्हातारपणी गुडघे झिजतात तो आजार वेगळा. आमवातात झीज नंतर येते. आधी शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या पातळ अस्तरावर चालून जाते. अस्तर सुजतं, जाड होतं, आणि कूर्चा व हाड कुरतडायला लागतं. शंभर माणसांत साधारण अर्ध्या ते एका माणसाला हा आजार होतो, आणि बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. हे 'स्वतःवरच चालून जाणं' विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणाला नीट ठाऊक नव्हतं. त्यामुळे उपचारही अंदाजाने चालत. फ्रान्समधल्या जाक फोरेस्तिए या डॉक्टरने १९२९ मध्ये रुग्णांना सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं दिली. सोनंच का? तर रॉबर्ट कॉखने १८९० मध्ये सोन्याचं एक संयुग क्षयाच्या जंतूंची वाढ थांबवतं असं पाहिलं होतं, आणि फोरेस्तिएला आमवात हा क्षयाच्याच जवळचा आजार वाटत होता. तर्क चुकीचा होता, पण काही रुग्णांना गुण आला, आणि सोन्याची इंजेक्शनं पुढे साठ वर्षं दिली गेली. आत्यालाही दिली. "लग्नात नाही मिळालं तेवढं सोनं आता अंगात गेलं," असं ती म्हणायची.

क्षयाचा जंतू इथे पहिल्यांदा आला. तो लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

आजार समजून घ्यायचा तर तो प्राण्यात घडवून बघावा लागतो. मूळचा हंगेरीचा, पुढे अमेरिकेत गेलेला ज्यूल्स फ्रॉइंड याने प्रतिकारशक्ती डिवचण्यासाठी एक मिश्रण तयार केलं होतं: तेल, आणि त्यात मारलेले क्षयाचे जंतू. लस किंवा प्रथिन या मिश्रणातून टोचलं की शरीर त्याकडे जास्त लक्ष देतं. कॅलिफोर्नियात कार्ल पिअर्सनने १९५६ मध्ये दाखवलं की दुसरं काहीही न घालता नुसतं हे मिश्रण टोचलं तरी मोठ्या उंदरांचे सांधे सुजतात. आमवाताशी मिळताजुळता आजार प्रयोगशाळेत हवा तेव्हा घडवायची ही पहिली खात्रीची रीत. मग १९७७ मध्ये टेनेसीत डेव्हिड ट्रेंटॅम, अलेक्झांडर टाउन्स आणि अँड्र्यू कांग यांनी कूर्चेतलंच प्रथिन, टाइप टू कोलॅजन, उंदरांना टोचलं. ते परकं म्हणून उंदराच्या शरीराने त्याविरुद्ध फौज उभी केली, आणि ती फौज पुढे उंदराच्या स्वतःच्या कूर्चेवर वळली. १९८० मध्ये हीच गोष्ट छोट्या उंदरांमध्येही साधली. डीबीए-वन नावाच्या जातीच्या उंदराला शेपटीच्या मुळाशी कोलॅजन आणि फ्रॉइंडचं मिश्रण टोचायचं, काही आठवड्यांनी त्याचे पंजे सुजतात. सूज किती ते छोट्या कॅलिपरने मोजायचं.

हे निबंध वाचताना मला फार बरं वाटलं नाही, हेही सांगून टाकतो. सुजलेल्या पंजाचे फोटो बघताना मला आत्याच्या बोटांची आठवण येत होती, आणि उंदराला घंगाळातलं कोमट पाणी कोणी देत नाही. ब्रिटनने १९८६ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी कडक कायदा केला. त्याचा इतिहास वेगळ्या लेखाचा आहे. पण गणपतीपुढच्या मूषकाला हात जोडताना हल्ली मी त्याच्या भाऊबंदांचीही आठवण ठेवतो.

आता या गोष्टीतलं मुख्य पात्र. न्यूयॉर्कमधला हाडांचा शल्यचिकित्सक विल्यम कोली याने १८९१ पासून कर्करोगाच्या रुग्णांना मुद्दाम जंतू टोचून बघितले. जोराचा ताप आला की काहींच्या गाठी विरघळत. ऐंशी-एक वर्षांनी त्याच शहरात, १९७५ मध्ये, एलिझाबेथ कार्सवेल आणि लॉइड ओल्ड यांनी त्याचं एक कारण शोधलं. त्यांनी उंदरांना आधी बीसीजी दिली, तीच लस जिचा व्रण आपल्या सगळ्यांच्या दंडावर आहे. नंतर जंतूंचं विष टोचलं. त्या उंदरांच्या रक्तद्रवात असं काहीतरी उतरलं होतं, की ते दुसऱ्या उंदराला दिलं तर त्याची गाठ आतून सडून जाई. त्यांनी या पदार्थाला नाव दिलं ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे टीएनएफ. बीसीजी म्हणजे दुबळा केलेला गाईच्या क्षयाचा जंतू. दुसरी भेट झाली.

रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी वेगळ्याच मार्गाने चालला होता. परजीवींची लागण झालेली जनावरं खंगत का जातात, हा त्याचा प्रश्न. खंगवणारा एक पदार्थ त्याने शोधला, त्याला कॅकेक्टिन म्हटलं, आणि त्याच्याकडच्या ब्रूस बॉयट्लरने १९८५ मध्ये तो शुद्ध करून पाहिला तर तो टीएनएफच निघाला! गाठ मारणारा आणि माणसाला खंगवणारा रेणू एकच. (बॉयट्लरला पुढे २०११ मध्ये नोबेल मिळालं, पण ते वेगळ्या शोधासाठी.) टीएनएफ हा खरं तर निरोप्या आहे. संकट आलं की पांढऱ्या पेशी तो सोडतात, आणि तो पोचेल तिथल्या पेशी जाग्या होतात. अशा निरोप्या रेणूंना सायटोकाइन म्हणतात.

१९८० च्या दशकात एकेक सायटोकाइनचं जनुक हाती लागत गेलं आणि सुजलेल्या सांध्यात डोकावून पाहिलं तर सगळेच तिथे हजर. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ आणि आणखी कितीतरी. सगळे एकमेकांना उठवतात, एकाचं काम दुसराही करतो. त्यामुळे त्यातल्या एकाला अडवून काय उपयोग, बाकीचे आहेतच, असं बहुतेक जाणकारांचं मत होतं. ज्यांना कोणावर संशय घ्यायचाच होता ते इंटरल्यूकिन-१ कडे बोट दाखवत, कारण तो कूर्चा खातो हे केंब्रिजमध्ये दिसलं होतं.

इथे माझ्या धंद्यातला माणूस जरा सरसावून बसतो. रात्री तीन वाजता प्रॉडक्शनची सिस्टिम पडते तेव्हा फोनवर एक अलर्ट येत नाही, चारशे येतात. डेटाबेस ओरडतो, नेटवर्क ओरडतं, ज्याचा काही संबंध नाही असं प्रिंटरचं सर्व्हरही ओरडतं. जो सगळ्यात मोठ्याने ओरडतो तो दोषी असतोच असं नाही. एक गोष्ट बंद करायची आणि बघायचं, बाकीच्यांचं ओरडणं थांबतं का. हॅमरस्मिथमध्ये त्यांनी नेमकं हेच केलं.

ते म्हणजे मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी. फेल्डमन १९४४ साली ल्वूफ शहरात जन्मला, फ्रान्समार्गे ऑस्ट्रेलियात वाढला, मेलबर्नला प्रतिकारशास्त्र शिकून लंडनला आला. मैनी १९३७ चे, जन्म लुधियानाचा, बालपण युगांडात, वैद्यकीय शिक्षण केंब्रिज आणि लंडनमध्ये. एक प्रयोगशाळेतला, दुसरा दवाखान्यातला. मैनींकडे रुग्ण होते, आणि शस्त्रक्रियेत काढलेलं सांध्याचं अस्तर मिळू शकत होतं. हे अस्तर विरघळवून त्यातल्या पेशी ताटलीत ठेवल्या तर कोणीही न डिवचता त्या कितीतरी दिवस सायटोकाइन सोडत राहतात, हे त्यांनी पाहिलं. म्हणजे रुग्णाचा सांधा जणू ताटलीत चालू ठेवता येत होता. फिओनुला ब्रेनन या त्यांच्या तरुण सहकारी शास्त्रज्ञेने त्यात टीएनएफला अडवणारं प्रतिपिंड घातलं. अपेक्षा काय, तर टीएनएफ तेवढं कमी होईल. प्रत्यक्षात इंटरल्यूकिन-१ सुद्धा खाली आलं. पुढच्या प्रयोगांत आणखी काही निरोपे खाली आले. चारशे अलर्टमधला पहिला कोणता, त्याचा अंदाज आला. १९८९ चा तो 'लॅन्सेट'मधला निबंध हाच. ब्रेनन २०१२ मध्ये, पन्नाशीच्या मध्यावर गेल्या. पुरस्कारांच्या याद्यांत त्यांचं नाव दिसत नाही. मला ते खटकतं.

ताटलीतल्या पेशी म्हणजे चालता-बोलता प्राणी नव्हे. मग पुन्हा उंदीर. अथेन्सच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जॉर्ज कोलियास यांच्या गटाने १९९१ मध्ये माणसाचं टीएनएफचं जनुक उंदरात असं बसवलं की ते वाजवीपेक्षा जास्त बनत राहावं. इथे कोलॅजन नाही, फ्रॉइंडचं मिश्रण नाही, बाहेरून काहीच टोचलं नाही. तरीही ती पिल्लं काही आठवड्यांची झाली की त्यांचे सांधे सुजून वाकडे होत. आणि टीएनएफविरोधी प्रतिपिंड दिलं की होत नसत. एका रेणूचा अतिरेक एवढ्यानेही आमवातासारखा आजार होऊ शकतो, हे यातून दिसलं. १९९२ मध्ये केनेडी इन्स्टिट्यूटच्याच रिचर्ड विल्यम्स यांनी कोलॅजनवाले डीबीए-वन उंदीर घेतले. यात बारकावा असा, की त्यांनी औषध पंजे सुजायला लागल्यानंतर दिलं. आजार होण्याआधी अडवणं सोपं असतं, पण रुग्ण डॉक्टरकडे येतो तो सुजलेली बोटं घेऊनच. पंजांची सूज उतरली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली हाडाची झीजही कमी दिसली. त्याच वर्षी आणखी दोन गटांना असेच निष्कर्ष मिळाले.

आता माणसात बघायचं तर औषध हवं. ते तयार होतं, पण दुसऱ्याच आजारासाठी. न्यूयॉर्क विद्यापीठात यान विल्चेक आणि जुनमिंग ले यांनी माणसाच्या टीएनएफला चिकटणारं उंदराचं प्रतिपिंड बनवलं होतं. पेनसिल्व्हेनियातल्या सेंटोकोर कंपनीने त्याचा बराच भाग बदलून मानवी केला. हेतू होता सेप्सिस, म्हणजे रक्तात जंतुसंसर्ग पसरून येणारी जीवघेणी अवस्था. उंदीर आणि बबून माकडं टीएनएफ अडवल्याने त्यातून वाचत होती. माणसं मात्र वाचली नाहीत. प्राण्यांना औषध आधी देऊन मग विष दिलं जाई. माणूस अतिदक्षता विभागात येतो तेव्हा ती वेळ कधीच टळून गेलेली असते. सेप्सिसवरच्या चाचण्या एकामागून एक फसल्या, आणि सेंटोकोरचं सेप्सिसचं दुसरं एक औषध १९९२ मध्ये अमेरिकेत अडकलं तेव्हा ती कंपनीच डळमळली. अशा वेळी फेल्डमन आणि मैनी तेच प्रतिपिंड आमवातासाठी मागत होते. कंपनीचा संशोधनप्रमुख जेम्स वुडी पूर्वी फेल्डमनच्याच हाताखाली लंडनमध्ये काम करून गेला होता, त्याचा उपयोग झाला. ओळखीने कामं फक्त आपल्याकडेच होतात असं नाही.

१९९२ मध्ये चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात पहिल्या रुग्णांना सलाइनमधून औषध दिलं गेलं. वीस रुग्ण, सगळे जुने, इतर औषधांना दाद न देणारे. निकाल १९९३ मध्ये छापले गेले. त्यातला एक आकडा मी कितीदा वाचला असेन. सकाळी अंग आखडलेलं राहण्याचा काळ सुरुवातीला मध्यमानाने १८० मिनिटं होता. सहाव्या आठवड्यात तो ५ मिनिटं झाला. सुजलेले सांधे १८ वरून ५ वर आले. १८० मिनिटं म्हणजे तीन तास. शाळा सकाळची असेल तर माणसाने उठायचं किती वाजता, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

वीस जणांना आपण काय घेतोय ते ठाऊक होतं, त्यामुळे शंका घ्यायला जागा होती. मग लंडन, लायडन, व्हिएन्ना आणि एर्लांगेन इथल्या ७३ रुग्णांवर चाचणी झाली, ज्यात कोणाला औषध आणि कोणाला नुसतं पाणी ते डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. १९९४ मधले निकाल असे: पाणी मिळालेल्या २४ पैकी २ जणांना गुण, कमी मात्रेच्या २५ पैकी ११ जणांना, जास्त मात्रेच्या २४ पैकी १९ जणांना. हे औषध म्हणजे इन्फ्लिक्सिमॅब. सूज परत येते म्हणून ते पुन्हापुन्हा द्यावं लागतं, आणि त्यात उंदराचा थोडा अंश उरलेला असल्याने काही रुग्णांचं शरीर औषधालाच परकं मानू लागतं. जोडीला मेथोट्रेक्सेट दिलं तर हा त्रास कमी होतो, असं पुढे दिसलं. दोन औषधं मिळून एकट्यापेक्षा जास्त काम करतात याची चुणूकही उंदरांवरच्या प्रयोगांतच मिळाली होती, तिथे जोडीचं औषध वेगळं होतं एवढंच. (मेथोट्रेक्सेट अमेरिकेत ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत तयार झालं तिथल्या संशोधनाचे प्रमुख आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. त्यांच्यावर कोणीतरी पुढच्या स्मरणिकेत लिहा.)

१९९८ मध्ये एटानरसेप्ट, १९९९ मध्ये आमवातासाठी इन्फ्लिक्सिमॅब, २००२ च्या शेवटच्या दिवशी अडालिमुमॅब, अशा अमेरिकेतल्या परवानग्या मिळत गेल्या. २००३ मध्ये फेल्डमन आणि मैनी यांना लास्कर पुरस्कार मिळाला. म्हणजे मी दुधाच्या पिशव्या घेऊन त्या पाटीवरून जात होतो तेव्हा सगळ्या जगाला हे माहीत झालं होतं, मी सोडून.

इथवर वाचून उंदीर सांगेल ते खरं असं वाटेल, तर थांबा. उंदरांमध्ये इंटरल्यूकिन-१ ला अडवलं की सांधे टीएनएफ अडवण्याइतकेच, कूर्चेच्या बाबतीत तर त्याहून चांगले राहतात. माणसांसाठी त्यावरचं औषध २००१ मध्ये आलं आणि आमवातात त्याचा गुण बेताचाच निघाला. दुसऱ्या काही दुर्मीळ आजारांत मात्र ते नामी ठरलं. मेंदूच्या मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात तर उलटंच झालं. उंदरांना टीएनएफ अडवून बरं वाटत होतं, म्हणून माणसांवर चाचणी केली, आणि १९९९ मध्ये छापलेल्या निकालात औषध घेणाऱ्यांचे झटके वाढलेले दिसले. मला वाटतं, आमवातात गोष्ट जमली याचं कारण लंडनच्या लोकांनी सुरुवात उंदरापासून केली नाही. त्यांनी आधी माणसाचं अस्तर ताटलीत ठेवून प्रश्न विचारला आणि मग उंदराची साक्ष काढली. नुसत्या उंदराला विचारलं असतं तर तो इंटरल्यूकिन-१ चंही नाव तितक्याच खात्रीने घेऊन मोकळा झाला असता.

आणि एक साक्ष उंदराने अगदी खरी दिली होती, पण ती वेळेवर कोणी पुरेशी मनावर घेतली नाही. क्षयाचा जंतू शरीरात शिरला की पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती गाठीसारखं कुंपण घालतात. जंतू मरत नाही, आत झोपून राहतो, वर्षानुवर्षं. हे कुंपण उभं करायला टीएनएफ लागतो. जिनिव्हातल्या शास्त्रज्ञांनी १९८९ मध्येच (तेच वर्ष!) बीसीजी दिलेल्या उंदरांत टीएनएफ अडवून दाखवलं होतं की कुंपण नीट बनत नाही. १९९५ मध्ये दुसऱ्या गटाने टीएनएफचा निरोप ऐकूच न येणारे उंदीर तयार केले आणि त्यांना क्षयाची लागण केली; ते लवकर दगावले. दोन्ही निबंध छापलेले होते, कोणीही वाचू शकत होतं. पण सुरुवातीच्या चाचण्या ज्या देशांत झाल्या तिथे क्षय विरळ झाला होता. २००१ मध्ये अमेरिकेतून अहवाल आला: इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या ७० रुग्णांना क्षय झाला होता, बहुतेकांना पहिल्या तीन डोसांच्या आतच. त्यातल्या ४० जणांचा क्षय फुफ्फुसाबाहेर पसरलेला होता. नव्याने लागण झाली म्हणावी तर हे फार लवकर होतं. झोपलेला जंतू कुंपण मोडताच उठला होता. त्याच वर्षी औषधाच्या वेष्टनावर ठळक इशारा आला आणि आधी क्षयाची तपासणी, मगच औषध, असा नियम पडला.

सोन्याच्या इंजेक्शनामागचा चुकीचा तर्क, फ्रॉइंडचं तेल, कार्सवेलची बीसीजी, आणि आता हे. आमवाताच्या या सगळ्या इतिहासात क्षयाचा जंतू प्रत्येक दारात उभा आहे.

२०१४ च्या डिसेंबरमध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीने अडालिमुमॅबची भारतीय आवृत्ती बाजारात आणली. त्या औषधाची अशी दुसरी आवृत्ती जगात पहिल्यांदाच निघत होती, आणि किंमत मूळच्या अमेरिकी किमतीच्या सुमारे एक-पंचमांश. तरीही आमच्या घराला ती जडच होती. चुलतभावाने आणि मी वाटून घ्यायचं ठरवलं. २०१५ मध्ये आत्याच्या डॉक्टरांनी पुण्याला तपासणी केली आणि तिने मला फोन केला. इंजेक्शन लगेच मिळणार नव्हतं. क्षयाची चाचणी होकारार्थी आली होती, आणि छातीच्या फोटोत उजवीकडे वर एक जुना पांढरा ठिपका होता.

तिला आश्चर्य वाटलं नाही. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, १९५० च्या दशकात वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये होते. त्याआधीचा सगळा हिवाळा ते घरीच खोकत होते आणि सात-आठ वर्षांची आत्या त्यांच्या अंथरुणाशी बसून पाढे म्हणायची. आजोबा बरे होऊन घरी आले, बँकेतून निवृत्त झाले, आणि ऐंशी पार करून गेले. त्या हिवाळ्यात जे काही तिच्या छातीत गेलं ते साठ वर्षं कुंपणात झोपलं होतं. त्या कुंपणाचा पहारेकरी टीएनएफ, आणि आम्ही पैसे गोळा करत होतो ते त्याच पहारेकऱ्याला उठवून लावण्यासाठी.

डॉक्टरांनी आधी महिनाभर आयसोनियाझिड दिलं, मग पहिलं इंजेक्शन, आणि गोळ्या पुढेही चालू ठेवल्या. २००१ पूर्वी हे औषध तिच्या हाती आलं असतं तर हा महिना कोणी थांबलं असतं की नाही, सांगता येत नाही. त्या फोननंतर मी रात्री जागून हे सगळे निबंध शोधून वाचायला लागलो. आता मला ते बऱ्यापैकी समजतात, निदान त्यातला सारांश तरी.

तीन महिन्यांनी तिचं घंगाळ अंगणात गेलं. त्यात आता तुळशीची रोपं आहेत. बोटं मात्र सरळ झाली नाहीत. गेलेली कूर्चा आणि हाड हे औषध परत आणत नाही, तीस वर्षं उशीर झाला होता. कळ्या पाडणं तिला आजही जमत नाही. २०१६ च्या चतुर्थीला स्काइपवर तिने मला एकवीस मोदकांचं ताट दाखवलं. सगळे एकसारखे, सगळ्यांच्या कळ्या मोजून तेवढ्याच. साच्याच्या मोदकांना जन्मभर नावं ठेवणारी बाई!

"साच्यातले आहेत," ती म्हणाली. "पण साचा मी दाबलाय."